रात्रपाळीला कोण असतं?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाई परिचारिका होत्या. त्यांच्या विद्यार्थिनी आजही सांगतात, की वॉर्डात शिरल्यावर बाई केसपेपर मागायच्या नाहीत. आधी पेशंटच्या पायांवरची चादर बाजूला करायच्या. टाचा लाल झाल्यात का, नखं वाढलीत का, पावलांवर सूज आहे का, हे आधी बघायच्या. घरातल्या माणसाला शुश्रूषागृहात ठेवायची वेळ येते तेव्हा जागा कशी निवडायची, हा माझा आजचा विषय आहे, आणि बाईंचं ते बघणं मला या विषयात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं आहे.

धडधाकट ज्येष्ठ स्वखुशीने ज्या वसाहतींत राहायला जातात त्यांच्याविषयी मी आज बोलणार नाही. पुण्यात ‘अथश्री’सारख्या वसाहती आहेत, इतर शहरांतही निघाल्या आहेत. तिथे जायचं की नाही हे जाणारा माणूस स्वतः ठरवतो, स्वतः सही करतो. मी बोलणार आहे ते ज्यांना उठवून बसवावं लागतं, भरवावं लागतं, न्हाऊ घालावं लागतं, आणि ज्यांच्याबद्दलचा निर्णय बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी घेतं, त्यांच्याविषयी.

आपल्याकडे हा विषय निघाला की पहिला सूर एकच असतो: मुलांनी आईबापांना टाकलं. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं आणि त्यानंतरच्या पिढ्यांच्या मनात म्हातारपणाचं दुःख म्हणजे त्या नाटकातल्या गणपतराव बेलवलकरांचं दुःख, असं ठसून बसलं. ते दुःख खरंच आहे. पण गणपतराव चालत होते, बोलत होते, स्वतःच्या हाताने जेवत होते. त्यांना हवा होता तो मान, आणि तो द्यायला पैसा किंवा मनुष्यबळ लागत नव्हतं. आज माझ्यासमोर येणारी माणसं वेगळी आहेत. सत्त्याऐंशी वर्षांची आई, तिला स्मृतिभ्रंश. तिला सांभाळणारी मुलगी त्रेसष्टची, तिचे स्वतःचे गुडघे गेलेले. इथे कुणी कुणाला टाकत नाही. एका म्हाताऱ्या बाईला दुसरी म्हातारी बाई उचलू शकत नाही, एवढीच साधी अडचण आहे. २०१७-१८ साली देशभर झालेल्या ज्येष्ठांच्या दीर्घकालीन पाहणीच्या आधारे अभ्यासकांनी काढलेला अंदाज असा, की आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. यांतली बहुतेक घरीच आहेत आणि घरीच राहणार. ज्यांना घरी ठेवणं अशक्य होतं, त्यांच्या घरच्यांना ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ असं ऐकवणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की पुण्यातली ‘निवारा’ ही संस्था १८६३ पासून चालू आहे. ज्यांना घर उरलं नाही किंवा घराला ज्यांचं करणं झेपलं नाही, अशी माणसं आपल्याकडे तेव्हाही होती आणि त्यांच्यासाठी जागा काढणारेही आपल्यातच होते.

मी निवृत्त होईपर्यंत एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. हा निर्णय प्रत्यक्षात कसा होतो ते मी तिथे बघितलं. तो दिवाणखान्यात, चहाच्या कपाबरोबर, चार भावंडांनी बसून होत नाही. तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर होतो. आजोबा बाथरूममध्ये पडलेले असतात, खुब्याचं हाड मोडलेलं असतं, ऑपरेशन झालेलं असतं. सकाळच्या राउंडला डॉक्टर सांगतात, ‘उद्या घरी न्या.’ घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आजी अठ्ठ्याहत्तरच्या. सून नोकरीला. नर्सिंग ब्युरोला फोन केला तर बारा तासांची बाई मिळते आणि चोवीस तासांची ‘बघतो’ असं सांगतात. आधीची ब्युरोची बाई दिवाळीला गावी गेली ती आलीच नाही, हा अनुभव बहुतेकांच्या गाठीशी असतो. मग कुणीतरी एक नंबर देतं, मुलगा फोन करतो, ‘बेड आहे, आजच डिपॉझिट भरा’ असं उत्तर येतं, आणि संध्याकाळी अँब्युलन्स रुग्णालयातून थेट तिकडे जाते. ज्या माणसाने आयुष्यभर फ्रिज घेताना चार दुकानं पालथी घातली, त्याने वडिलांची जागा फोनवर ठरवलेली असते. मी त्याला दोष देत नाही. त्या बाकावर बसलेल्या माणसाला तीन रात्रींची झोप नसते.

ज्यांना थोडी सवड मिळते तेही बघायला जातात तेव्हा भलतंच बघतात, आणि त्याचं कारण मला नीट कळतं. आपण आईला दूर ठेवतोय ही टोचणी मनात घेऊन माणूस तिथे गेलेला असतो. त्याला असं काहीतरी दिसायला हवं असतं की ज्याने ती टोचणी कमी होईल. म्हणून बाग डोळ्यांत भरते. आवारातलं छोटं देऊळ बघून बरं वाटतं. गणेशोत्सवाचे, कोजागिरीचे फोटो भिंतीवर असतात, त्यात आजी-आजोबा टोप्या घालून हसत असतात. कार्यालयातल्या बाई गोड बोलतात. आणि जी आई आता पलंगावरून उतरूच शकत नाही, तिच्यासाठी बागेची जागा पसंत करून मुलगा घरी येतो. बाग वाईट नाही. पण आईची गरज काय, हा प्रश्न तोवर कुणी विचारलेलाच नसतो.

त्या गरजेची यादी अगदी साधी आहे. अंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, लघवी-शौचावर ताबा, आणि जेवण. वृद्धांच्या परावलंबनाचं मोजमाप करायला सिडनी काट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली याच सहा गोष्टी मांडल्या आणि आजही जगभर त्याच विचारल्या जातात. यांतलं काय आईला स्वतः जमतं, काय कुणी हात दिला तर जमतं, आणि काय मुळीच जमत नाही, हे घरी बसून कागदावर लिहा. मधल्या रकान्यात जे येईल ते सगळ्यात मोलाचं. हात दिला तर जमतं, ते हात मिळाला नाही की महिन्याभरात जातं, आणि एकदा गेलं की सहसा परत येत नाही.

तो हात कुणाचा? कार्यालयातल्या बाईंचा नाही, फलकावर नाव असलेल्या डॉक्टरांचाही नाही. तो असतो तिथल्या मावशीचा. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारायला सांगते: रात्रपाळीला किती जण असतात, आणि कोण असतात?

याचा हिशेब तुम्ही आत्ता माझ्याबरोबर करा. जो माणूस स्वतःहून कूस बदलू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर दाब पडून कातडी मरायला लागते आणि जखम होते. शय्याव्रण म्हणतात ती हीच. एकदा ती हाडापर्यंत खोल गेली की भरून यायला महिने लागतात, आणि अनेकांच्या बाबतीत ती भरतच नाही. समजा, एका जागी असे अंथरुणाला खिळलेले दहा जण आहेत. रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास. एकेकाची सहा वेळा कूस बदलायची म्हणजे दहा जणांची साठ वेळा. हे काम एकटीचं नाही. ओढलं तर कातडी घासते, दोघींनी मिळून उचलावं लागतं. पाठ बघायची, ओलं झालं असेल तर बदलायचं, दोन घोट्यांच्या मध्ये उशी ठेवायची. दहा मिनिटं धरा. साठ गुणिले दहा, सहाशे मिनिटं. दहा तास. म्हणजे त्या जागी रात्री दोन मावशी असतील तर त्यांच्या बारा तासांतले दहा तास फक्त कूस बदलण्यात जातात. उरलेल्या दोन तासांत कुणाला पाणी, कुणाला संडास, कुणी पलंगावरून उतरायला निघालंय त्याला धरणं, आणि त्या दोघींचं स्वतःचं जेवण. आणि ज्या जागी रात्री एकच मावशी आहे तिथे काय होत असेल, ते मला सांगायला लागू नये.

कुणी म्हणेल, आम्ही एअर बेड दिलाय. एअर बेडमुळे दाब कमी होतो, कूस बदलायचं काम टळत नाही. शिवाय त्याचा पंप चालू आहे का, गादी हाताने दाबून बघा. पंपाचं बटण बंद करून तिथे मोबाइल चार्जिंगला लावलेला मी पाहिला आहे. त्या मुलीचाही मला राग आला नाही, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तो पंप कशासाठी आहे.

म्हणून बघायला जायचं तर सकाळी अकरा वाजता ठरवून जाऊ नका. तेव्हा सगळ्यांच्या अंघोळी झालेल्या असतात, लाद्या पुसलेल्या असतात. एकदा तसे जा, कागदपत्रं बघा, आणि दुसऱ्यांदा न सांगता संध्याकाळच्या जेवणाला जा. मावशी भरवताना उभी आहे का बसलेली, हे बघा. उभी असेल तर पेशंटला मान वर करून घास घ्यावा लागतो, आणि ज्याचं गिळणं आधीच कच्चं झालंय त्याचा घास तशाने श्वासनलिकेत उतरू शकतो. त्यातून न्यूमोनिया होतो आणि म्हाताऱ्या माणसाला तो झेपत नाही. बसून, समोर डोळ्यांच्या पातळीवर येऊन, एक घास गिळला गेला हे बघून दुसरा देणारी मावशी दिसली तर त्या जागेबद्दल माझं मत तिथेच चांगलं होतं. पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यात आहे का, का पलीकडच्या खिडकीत? बेलची वायर हाताशी आहे का, का गुंडाळून वर खिळ्याला अडकवलेली? चष्मे डोळ्यांवर आहेत का कपाटात? कवळ्या कोण धुतं, आणि कुणाची कुठली हे कसं ओळखतात? अंगावरचे कपडे ज्याचे त्याचे आहेत, का धुऊन आलेल्या ढिगातून जो हाताला लागला तो गाउन? आणि पाय बघा.

फिनाइलचा वास भरून राहिला असेल तर तो कशावर टाकलाय, हे विचारायला लाजू नका.

आता एक प्रसंग सांगते. एका कुटुंबाबरोबर मी एक जागा बघायला गेले होते. स्वच्छ, हवेशीर, दर चांगलाच. आम्ही एका खोलीतून जात असताना पलंगावर बसलेल्या आजींनी माझ्या साडीचा पदर धरला आणि हळूच म्हणाल्या, ‘ताई, मला जायचंय.’ मला वाटलं घरी जायचंय. तसं बरेच जण म्हणतात. मी बसले, विचारलं, ‘कुठे जायचंय, आजी?’ त्यांनी डोळ्यांनी बाथरूमच्या दाराकडे खूण केली. दार आठ-दहा पावलांवर होतं. पलंगाला वॉकर टेकवलेला होता. मी मावशींना हाक मारली. त्या आल्या, वाईट मनाने नव्हे, अगदी प्रेमाने त्यांनी आजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘आजी, डायपर आहे ना? त्यातच करा.’ आजींनी माझा पदर सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या आजींना कळत होतं, सांगता येत होतं, आधार दिला तर चालता येत होतं. त्यांना डायपर लागत नव्हता. डायपर लागत होता त्या जागेला, कारण आठ-दहा पावलं त्यांच्याबरोबर चालायला माणूस नव्हता. वर महिन्याच्या बिलात डायपरचे पैसे वेगळे लागत होते आणि ते त्यांचा मुलगा भरत होता. असं सहा महिने चाललं की पायातलं बळ जातं, लघवीवरचा ताबा जातो, आणि मग फाइलवर ‘बेडरिडन’ असा शिक्का बसतो. म्हणून मी ठामपणे सांगते: ‘इथे दिवसा किती जणांना डायपर आहेत आणि किती जणांना हाताला धरून संडासला नेता?’ हा प्रश्न विचारा. त्याचं उत्तर चटकन देता आलं पाहिजे. ज्या जागी जवळजवळ सगळ्यांना डायपर आहेत ती जागा कितीही देखणी असो, मी माझ्या माणसाला तिथे ठेवणार नाही.

मावशींविषयी बोलायलाच हवं. पुण्या-मुंबईच्या शुश्रूषागृहांत आज ज्या मुली काम करतात त्यांतल्या कितीतरी मराठवाड्यातून, विदर्भातून, आणि आता झारखंड, ओडिशा, आसामकडून आलेल्या आहेत. बारा बारा तासांची पाळी, राहायला त्याच इमारतीत एक खोली. कुणी चार-सहा महिन्यांचा सहायकाचा अभ्यासक्रम केलेला असतो, कुणी काहीच नाही, नुसतं एकीचं बघून दुसरी शिकलेली. मालकाला विचारायच्या आधी त्यांनाच विचारा, ‘तुम्ही इथे किती दिवस आहात?’ सगळ्यांचं उत्तर दोन महिने, तीन महिने असं आलं तर समजा, की तिथे माणसं टिकत नाहीत. जिथे मावशीला रजा मिळत नाही, पगार वेळेवर होत नाही, तिथे तुमच्या आईसाठी तिच्याकडून मायेची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. आणि रात्री नर्स म्हणून जिची ओळख करून देतात तिने खरोखर एएनएम किंवा जीएनएम हा परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे का, हे नम्रपणे पण नक्की विचारा.

भाषेचंही तसंच. स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेल्या भाषा बहुधा आधी पुसट होतात आणि लहानपणची तेवढी उरते. मुंबईत चाळीस वर्षं हिंदी-इंग्रजीत नोकरी केलेले गृहस्थ आता फक्त मालवणी बोलतात, आणि समोरच्या मुलीला मराठीही येत नाही. ते पाणी मागतात, तिला कळत नाही. ते ओरडतात. मग ‘पेशंट आक्रमक आहे’ अशी नोंद होते आणि रात्रीची गोळी सुरू होते. या गोळीबद्दल सावध राहा. मनोविकारावरची ही औषधं काही वेळा खरोखर लागतात, आणि डॉक्टरने बघून, थोडक्या काळासाठी दिली तर त्यांचा उपयोग होतो. पण स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये त्यांच्यामुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा छापण्याची सक्ती अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ सालीच केली आहे. म्हणून कुठली गोळी, कुणी लिहिली, किती दिवसांसाठी, पुन्हा कधी तपासणार, हे घरच्यांना माहीत असलंच पाहिजे. हात बांधण्याचंही तेच. नाकातली नळी उपसतात म्हणून बँडेजने मनगटं पलंगाला बांधलेली दिसली तर थांबा आणि विचारा, किती वेळ बांधता, कुणाच्या सांगण्यावरून, आणि दुसरं काय करून पाहिलं.

धर्मादाय वृद्धाश्रमांची एक अट बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटते. प्रवेशाच्या अर्जावर लिहिलेलं असतं, ‘स्वतःचं स्वतः करता येणे आवश्यक.’ यात संस्थांचाही नाइलाज असतो, कारण तेवढ्या पैशात त्यांना शुश्रूषा परवडत नाही. पण त्याचा अर्थ असा, की आई तिथे पाच वर्षं राहिली, रुळली, मैत्रिणी झाल्या, आणि ज्या दिवशी ती पडली त्या दिवशी फोन येतो, ‘घेऊन जा.’ जेव्हा तिला त्या ओळखीच्या खोलीची आणि माणसांची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तिला हलवावं लागतं. म्हणून प्रवेश घेतानाच विचारायचं: अंथरुणाला खिळल्यावर ठेवाल का? स्मृतिभ्रंश वाढला तर? नळी लागली तर? आणि शेवटचे दिवस इथे काढू द्याल, का रात्रीत अँब्युलन्स बोलावाल?

या शेवटच्या प्रश्नावर घराघरात बोलणं टाळलं जातं, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. नव्वदीच्या आजींना रात्री दोन वाजता श्वास लागतो. संस्थेवर ठपका नको म्हणून त्यांना जवळच्या आयसीयूत नेलं जातं आणि त्या अनोळखी माणसांत, नळ्यांमध्ये जातात. कुणाला हेच हवं असेल तर तो त्यांचा हक्क आहे. पण ज्यांना नको, त्यांना तसं आगाऊ लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. आई-वडिलांची समज शाबूत असेल तोवर त्यांना विचारा. मुंबईत वांद्र्याला ‘शांती अवेदना सदन’ १९८६ साली सुरू झालं. बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांचे अखेरचे दिवस वेदनेशिवाय, मानाने जावेत म्हणून निघालेली ती देशातली पहिली संस्था. तिथे जे कर्करोग्यांना मिळतं ते शुश्रूषागृहातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पैशांबद्दल थोडक्यात. माझ्या पाहण्यातल्या जागांचे दर महिना पंधरा-वीस हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत आहेत. आकडा ऐकून थांबू नका. औषधं, डायपर, फिजिओथेरपी, रुग्णालयात न्यावं लागलं तर सोबतीच्या माणसाचे पैसे, यांतलं दरात काय आणि वेगळं काय, ते लिहून घ्या. डिपॉझिट परत कधी मिळणार, तेही लिहून घ्या. आणि हा खर्च चार-पाच वर्षं चालू शकतो हे धरून भावंडांत वाटणी आधी ठरवा. खिशाला झेपेल अशी साधी जागा आणि तिथे दर दोन दिवसांनी जाणारं आपलं माणूस, हे महागड्या लांबच्या जागेपेक्षा चांगलं.

आणि ज्याला राहायचं आहे त्याला विचारलंत का? स्मृतिभ्रंश आहे म्हणजे आवडनिवड संपली असं नसतं. शक्य असेल तर आधी पंधरा दिवस राहू द्या. अनेक जागा अशी सोय देतात. ‘चार दिवस गावाला चाललोय’ असं खोटं सांगून आणून सोडू नका. त्या खोट्यामुळे माणूस पुढे महिनोन्‌महिने दाराकडे बघत राहतो. सोबत एक कागद द्या. त्यांना काय हाक मारायची, कारण आयुष्यभर ‘सर’ म्हणवून घेतलेल्या माणसाला ‘ए आजोबा’ म्हटलेलं लागतं. चहात साखर किती. कुठल्या कुशीवर झोपतात. अंघोळ सकाळची की संध्याकाळची. पहाटे उठायची सवय दुधाच्या डेअरीतल्या नोकरीमुळे आहे, ते ‘रात्रीचे भटकत’ नाहीत. एका घरातल्या नातीने असा कागद मोठ्या अक्षरांत लिहून, हिंदीतही करून, पलंगाशेजारी चिकटवला. आठवड्याभरात तिथल्या मावशी आजोबांशी त्यांच्या गावाबद्दल बोलायला लागल्या.

काही ठिकाणी सांगतात, ‘महिनाभर येऊ नका, त्यांना इथे रुळू द्या.’ मी हे मान्य करत नाही, आणि स्मृतिभ्रंशाच्या पेशंटबाबत तर मुळीच नाही. उलट पहिला महिना रोज जा. वेगवेगळ्या वेळी जा. मुलं परदेशी असतील तर हे काम कुणाचं, ते नाव घेऊन ठरवा. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, माकडहाड दिसत नाही. दर आठवड्याला जाऊन पाठ आणि टाचा बघून येईल असं एक माणूस गावात असू दे, भाचा असो, शेजारी असो, जुना विद्यार्थी असो. ज्याच्याकडे कुणीतरी येतं त्याच्याकडे मावशींचंही लक्ष राहतं. हे चांगल्या जागीही खरं आहे. आणि चुकीची जागा निघाली तर हलवा. एकदा ठेवलं म्हणजे कायमचं, असं कुणी सांगितलंय?

हे सगळं कुटुंबाच्याच डोक्यावर का टाकायचं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. यायलाच हवा. दारावर ‘नोंदणीकृत’ असं लिहिलेलं असतं, पण कशाखाली? धर्मादाय संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली नोंदलेली असते. त्यात हिशेब तपासले जातात, पाठी नाही. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा मुख्यतः रुग्णालयं आणि प्रसूतिगृहं डोळ्यांपुढे ठेवून केलेला. काही जागा तर साध्या दुकानाच्या परवान्यावर चालतात. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पोषणाचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी एक निवासगृह असावं असं सांगतो, पण राज्य सरकार ते काढू ‘शकेल’ असं म्हणून थांबतो. अशा जागांची नोंदणी सक्तीची करणारं आणि किमान मानकं ठरवणारं दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडलं गेलं. त्याचा कायदा झाला नाही. राज्याने केंद्राची वाट न बघता दहा खिळलेल्या पेशंटमागे रात्री किती माणसं, एवढा एक आकडा जरी नियमात घातला आणि तो दारावर लावायची सक्ती केली, तरी पुष्कळ काही बदलेल.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, फेस्कॉमसारखा त्यांचा महासंघ आहे. सहली आणि वाढदिवसांबरोबर संघांनी आपापल्या तालुक्यातल्या शुश्रूषागृहांची एक वही ठेवावी. दोन-दोन सभासदांनी महिन्यातून एकदा, रात्री नऊच्या सुमारास, एका जागी जावं. संस्थेची परवानगी आधी एकदाच घेऊन ठेवावी, दिवस मात्र सांगू नये. जी संस्था परवानगी देत नाही तिचं नावही वहीत लिहावं. रात्री किती मावशी होत्या, किती पेशंट, किती जणांना शय्याव्रण, किती जण स्वतःच्या पायांनी संडासला जातात. चार रकाने. ही वही संघाच्या कार्यालयात टेबलावर उघडी असावी, म्हणजे वॉर्डाबाहेरच्या बाकावरून फोन करणाऱ्या मुलाला निदान खरं काहीतरी सांगता येईल. या सभागृहात तीन संघांचे पदाधिकारी बसलेले मला दिसताहेत. छापील रकान्यांचा एक नमुना मी बरोबर आणला आहे. जाताना घेऊन जा.